पेटीतलं बाळ घरी आल्यावर

"बाई, पेटीतलं बाळ घरी आणलंय, आता काय करू?" असा फोन मला वरचेवर येतो. पेटीतलं बाळ म्हणजे कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं म्हणून दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेलं बाळ. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात मी आरोग्यसेविका आहे. फोनवर जेवढं सांगता येतं तेवढं सांगते, मग वाडीवर जाऊन उरलेलं सांगते. तरी राहून जातंच. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. कमी वजनाच्या बाळाकडे त्यानंतरही जात राहते. अधूनमधून मी जाते. पण आमच्या दोघींचा सगळा वेळ मोजला तरी बाळाच्या दिवसातला तो फार थोडा. बाकीचे तास आजीचे, आईचे आणि बापाचे. हे लिहिलंय तेही जास्त करून आजीसाठी आणि बापासाठी. बाळंतिणीला बसून वाचायला सवड मिळणार नाही, तिला वाचून दाखवा.

मनाचं काही सांगत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवलं आणि ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले होते. १९९९ साली हे काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या, त्यामागे हाच अनुभव होता. त्या बायकांच्या पिशवीत घड्याळ, थर्मामीटर, वजनकाटा आणि थोडी औषधं होती. पहिल्या तीन वस्तू तुमच्या घरीही येऊ शकतात. काटा आशाताई आणते.

३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलं ते कमी दिवसांचं बाळ. वजन २५०० ग्रॅमच्या आत असेल तर कमी वजनाचं, १५०० च्या आत असेल तर फारच कमी. आमच्याकडे एक समजूत घट्ट आहे की सातव्यातलं जगतं आणि आठव्यातलं जगत नाही. हे साफ खोटं आहे. पोटात राहिलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फुप्फुसांना बळ देतो, त्यामुळे आठव्यातल्या बाळाला सातव्यातल्यापेक्षा जास्त आशा असते. समजूत धरून कोणी आठव्यातल्या बाळाबद्दल हात झटकले, तर त्या माणसाला बाळापासून लांब ठेवा.

दवाखाना सोडण्याआधी

डिस्चार्जच्या दिवशी सगळे घाईत असतात. गाडी खाली उभी असते, मामा फोन करत असतो. तरी अर्धा तास काढा. तिथल्या सिस्टरसमोर बाळाला एकदा वाटी-चमच्याने दूध पाजून दाखवा, एकदा छातीशी बांधून दाखवा. त्या चुका काढतील, काढू द्या. कार्डावर पाच गोष्टी लिहून घ्या: जन्म किती आठवड्यांचा, आजचं वजन, एका वेळी किती मिली दूध, थेंबाची औषधं कोणती आणि किती, आणि डोळे व कान तपासायची तारीख. आकडे वाचता येत नसतील तर तिथेच वाचून घ्या. घरी आल्यावर मलाही काही अक्षरं लागत नाहीत.

पहिलटकरीण बहुतेक माहेरी जाते. तिचं नाव सासरच्या आशाताईच्या वहीत असतं आणि बाळ असतं माहेरी, दुसऱ्या तालुक्यात. मग सासरची आशा म्हणते बाळ इथे नाही, माहेरची म्हणते माझ्या यादीत नाही, आणि कोणीच जात नाही. डिस्चार्ज झाल्याबरोबर दोघींना फोन करा.

सरकारी दवाखान्यातून घरी सोडायला १०२ ची गाडी फुकट मिळते, ती मागून घ्या. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण एक वर्षापर्यंत मोफत आहे. मोटारसायकलवर, वाऱ्यात, दुपट्यात गुंडाळून आणू नका. गाडीतही बाळ आईच्या छातीला लागूनच हवं.

ऊब

या बाळाच्या अंगावर चरबी नसते, कातडी पातळ असते आणि अंगाच्या मानाने डोकं मोठं असतं. त्यामुळे अंगातली ऊब भराभर निघून जाते. मोठं माणूस गारठलं की कुडकुडतं. हे बाळ कुडकुडत नाही, बरेचदा रडतही नाही. ते गप्प होतं, दूध ओढायचं कमी करतं आणि घरातले म्हणतात, "किती शांत आहे." दुधातून मिळालेली ताकद अंग गरम ठेवण्यात जाते, वजन वाढत नाही.

यावर यंत्र लागत नाही, हात पुरतो. तुमच्या हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार म्हणजे बाळ गारठायला लागलंय, लगेच छातीशी घ्या. पोटही गार लागलं तर छातीशी धरूनच दवाखान्याची तयारी करा. दर दुधाच्या वेळी हे बघायचं. हे काम मी आजीला देते, कारण तिचा हात कधी चुकत नाही आणि आपल्याला काम दिलं म्हणून ती बाकीचंही ऐकते.

थर्मामीटर काखेत लावायचा, बाळाचा हात अंगाशी दाबून धरायचा आणि बीप वाजेपर्यंत थांबायचं. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस बरोबर. फॅरनहाइटचा असेल तर ९७.७ ते ९९.५.

आता छातीशी धरणं. दवाखान्यात याला केएमसी म्हणतात, कांगारू मदर केअर. १९७८ साली कोलंबियात बोगोटा शहरातल्या डॉक्टरांनी पेट्या कमी पडतात म्हणून हे सुरू केलं. आज पेट्या असल्या तरी हेच करायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीत दिवसाला ८ ते २४ तास असं म्हटलंय, जितकं जमेल तितकं.

बाळाला टोपडं, पायमोजे आणि लंगोट, बाकी अंग उघडं. आईने पुढून उघडणारा ब्लाउज किंवा गाऊन घालायचा, आत काही नको. बाळाला दोन्ही स्तनांच्या मधे उभं ठेवायचं. मान एका बाजूला वळलेली आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहतं. पाय बेडकासारखे दुमडून फाकलेले, हात कोपरात मुडपलेले. बाळाचं पोट आईच्या छातीखाली टेकलं पाहिजे. मग वरून कापड गुंडाळायचं. बाजारात त्याचा पट्टा मिळतो, पण आजीचं जुनं धुतलेलं सुती लुगडं उत्तम. दोन फेरे मारून काखेखाली गाठ मारायची, वरची कड बाळाच्या कानाखाली येईल अशी. गाठ इतकीच घट्ट की आई उभी राहिली तर बाळ घसरणार नाही आणि बाळाचं पोट श्वासाबरोबर हलायला जागा राहील. आईने सपाट झोपायचं नाही. भिंतीला उशा-गोधड्या लावून रेलून बसायचं. एकदा घेतलं की निदान तासभर घ्यायचं. घेऊन-काढून, घेऊन-काढून केलं तर उलट गारठतं.

सिझर झालेल्या बाईलाही हे जमतं. चोवीस तास मात्र एकटीला जमत नाही आणि एकटीने जमवूही नये. तिने अंघोळ करायची, जेवायचं, झोपायचं. तेव्हा दुसरी छाती हवी. आजी घेऊ शकते, आत्या घेऊ शकते आणि बापही घेऊ शकतो. बाप लाजतो. आमच्याकडच्या घरांत दोन खोल्या, त्यात माणसं सात, उघड्या अंगाने बाळ घेऊन बसायचं म्हणजे भावकी हसते. मी सांगते, शर्टाची वरची बटणं उघडी ठेव, शर्ट कमरेत खोच, बाळ आत घे, वरून ओढणी गुंडाळ. रात्रीचे दोन तास तू घेतलेस तर बाईची सलग झोप होते. तंबाखू-बिडीचा हात आणि छाती मात्र आधी साबणाने धुवायची, आणि बिडी ओढून लगेच बाळ घ्यायचं नाही.

वजन अडीच किलोपर्यंत गेलं की बाळ स्वतःच आत चुळबुळ करतं, हातपाय मारून बाहेर येऊ बघतं. तेव्हा थांबवा.

शेगडी, निखारे, गरम पाण्याची बाटली, जवळ लावलेला मोठा बल्ब, यातलं काही नको. यांनी भाजलेली बाळं मी पाहिली आहेत. पातळ कातडी आपल्याला सोसेल तेवढ्या चटक्यानेही सोलते.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. आमच्याकडे जूनपासून दुपटी वाळत नाहीत. हाताला कोरडी लागतात पण आत ओल असते, आणि ओलसर दुपट्यातलं बाळ कोरड्या खोलीतही गार पडतं. चुलीवर दोरी बांधून वाळवली तर धुराने भरतात. त्यापेक्षा पातळ सुती कापडं जास्त करा. जुनी धोतरं, जुन्या साड्या फाडून केलेली पातळ लंगोटं नवीन जाड दुपट्यापेक्षा लवकर वाळतात. वीज असेल तेव्हा इस्त्री फिरवा आणि गार झाल्यावर गालाला लावून बघा. गालाला ओल लगेच कळते. घोंगडी बाळाच्या अंगाला थेट लावू नका, टोचते आणि तिची लव नाकात जाते. जड गोधडीही नको.

उन्हाळ्यात हेच उलटं होतं. मे महिन्यात तीन कपडे, टोपडं आणि दुपटं घालून बाळाला ताप आणतात. अंग गरम लागलं तर आधी एक कपडा काढा, दूध द्या, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. उतरलं तर कपड्यांचं होतं. उतरलं नाही तर दवाखाना.

अंघोळीची घाई नको. आशाताईने किंवा मी हो म्हणेपर्यंत कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून घ्या, एकेक अवयव, बाकी अंग झाकलेलं. मी स्वतः दोन किलोच्या वर वजन गेल्याशिवाय हो म्हणत नाही. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, खोबरेल चांगलं. पण नाक ओढून सरळ करणं, डोकं दाबून गोल करणं, टाळूवर तेल थापणं, कानात तेल सोडणं बंद. आज्या इथे माझ्याशी भांडतात. भांडू देत.

दूध

कमी दिवसांच्या बाळाच्या आईला येणारं दूध सुरुवातीला वेगळंच असतं. त्यात प्रथिनं जास्त, रोगाशी लढणारे घटक जास्त. पहिला पिवळा चीक तर फेकायचाच नाही. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. ती अशाच बाळांसाठी होती, ज्यांना डब्याचं दूध सोसत नाही.

ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एका तालात करायची अक्कल बाळाला साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास येते. त्याआधी आणि काही बाळांना त्यानंतरही, अंगावर ओढताना दम लागतो. दोन घोट घेतात आणि झोपतात. म्हणून पिळून काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्यायचं. घरात जुनं चांदीचं बोंडलं असेल तर ते काढा, पण त्याचा आतला कोपरा घासून स्वच्छ होतो का बघा. दवाखान्यात पालादाई देतात तीही तशीच. भांडं प्रत्येक वेळी साबणाने धुऊन दहा मिनिटं उकळायचं. बाटली नाही.

दूध काढायचं असं: हात धुवा. बांगड्या वर कोपराकडे सरकवा. अंगठा काळ्या भागाच्या वर, दोन बोटं खाली, बोंडाला धरायचं नाही. आधी मागे छातीकडे दाबा, मग अंगठा आणि बोटं जवळ आणा, सोडा. पुन्हा. धार कमी झाली की जागा बदला, मग दुसरी बाजू. दोन्ही मिळून वीस ते तीस मिनिटं लागतात. दिवसाला निदान आठ वेळा, त्यातलं एक रात्री, कारण दूध तयार करणारा स्राव रात्री जास्त असतो. पहिले दिवस चमचाभरच येतं आणि सगळ्या जणी म्हणतात, "मला दूधच नाही." बाळाला छातीशी धरून मग काढा, फरक दिसेल.

झाकून सावलीत ठेवलेलं दूध चार तासांत वापरा. फ्रिज असेल तर चोवीस तास चालतं. कोमट करायला वाटी गरम पाण्यात ठेवा, गॅसवर ठेवू नका.

पाजताना बाळाचं डोकं वर, अंग तिरकं. बाळ जागं हवं. चमचा खालच्या ओठाच्या कोपऱ्याशी टेकवा, थोडं सोडा, गिळलं ते बघा, मग पुढचं. घशात ओतायचं नाही. एका वेळच्या दुधाला अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल तर बाळ दमतंय, आम्हाला सांगा. दर वेळी चमच्याने पाजण्याआधी रिकाम्या केलेल्या स्तनाला चाटायला लावत राहा. काही दिवसांनी तिथेच ओढायला लागेल.

किती द्यायचं ते कार्डावर असतं. हिशेब कसा केलाय ते कळावं म्हणून सांगते. पूर्ण दुधावर आलेल्या बाळाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १५० मिली लागतं. बाळ १८०० ग्रॅमचं असेल तर २७० मिली. दर दोन तासांनी म्हणजे बारा वेळा, म्हणून एका वेळी २२-२३ मिली. औषधाच्या टोपणावर खुणा असतात, त्याने एकदा मोजून वाटीवर आतून कुठपर्यंत येतं ते बघून ठेवा. वजन वाढलं की दूधही वाढवायचं, हे बरेच जण विसरतात.

हे बाळ भुकेसाठी रडत नाही. रडायला ताकद लागते. "झोपलंय, उठवू नका" हे वाक्य पूर्ण दिवसांच्या बाळासाठी ठीक आहे, याच्यासाठी नाही. मोबाईलवर दर दोन तासांचा गजर लावा, रात्रीसुद्धा. दुपटं सैल करा, तळपाय चोळा, उठवा आणि पाजा. दिवसाला सहा ते आठ वेळा शू झाली तर दूध पुरतंय.

गुटी, मध, साखरपाणी, ग्राइप वॉटर, गाईचं दूध, वरचं पाणी, यातलं एक बोटही नको. मधात कधीकधी असे जंतू असतात की त्याने वर्षाच्या आतलं बाळ लुळं पडू शकतं. थेंबाची औषधं मात्र न चुकता. व्हिटॅमिन डी च्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एक मिलीत ४०० युनिट आणि एक मिलीत ८००. दुकानदाराने दुसरी दिली तर ड्रॉपरचा हिशेब बदलतो. बाटली बदलली की मला फोटो पाठवा. लोहाच्या थेंबांचंही तसंच.

आणि आईचं ताट. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, भात-तुपावर ठेवायचं ही रीत अजून आहे. तिला नाचणीची भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं, हळीव, सगळं द्या आणि पाणी तिला हवं तेवढं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सहा महिने. ती गप्प गप्प राहते, बाळाकडे बघत नाही, रात्री रडते असं वाटलं तर "नाटकं करते" म्हणू नका, मला कळवा. पेटीबाहेर उभं राहून महिना काढलेल्या बाईचं मन सहज हलकं होत नाही.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, उघड्या अंगाने. झोळीच्या काट्यावर रोज मोजलंत तर थोडे ग्रॅम इकडेतिकडे होतात आणि घरात भांडणं लागतात. आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वाढलं तर उत्तम. शंभराच्या खाली आलं तर दूध आणि ऊब यांपैकी काहीतरी कमी पडतंय, किंवा आत आजार आहे.

हात, धूर, पाहुणे

बाळाला हात लावणाऱ्याने साबणाने हात धुवायचे, मग तो सरपंच असो. दाराशी बादली, तांब्या आणि साबण ठेवला की सांगावं लागत नाही. सर्दी-खोकला असलेल्याने आत यायचं नाही. आईलाच सर्दी झाली तर तोंडाला रुमाल बांधून पाजायचं, दूध थांबवायचं नाही.

पाचवी पुजा, सटवाईला मान द्या, मी आड येत नाही. फक्त उदबत्ती आणि ऊद बाळाच्या खोलीत नको, आणि बाळाला मांडीमांडीवर फिरवू नका. बारसं थाटात करायचं असेल तर बाळ अडीच किलोचं झाल्यावर करा. धुरीचं भांडं बंद. ओवा-वावडिंग कितीही गुणाचं असलं तरी धूर हा धूरच, आणि या बाळाची फुप्फुसं अपुरी असतात. पावसाळ्यात ओल्या लाकडांनी घर कोंदतं. एकच खोली असेल तर चूल पडवीत न्या, निदान महिना-दोन महिने. काजळ नको. दृष्ट काढायची तर लांबून काढा. नाळेवर हळद, राख, तेल काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची.

झोपवताना पाठीवर, सपाट, उशीशिवाय. झोळीत बाळाची मान छातीवर दुमडते आणि श्वास अडकतो. झोळी नंतर आहेच.

रात्री काय बघायचं

मी असते तेव्हा बाळ बहुतेक बरं असतं. बिघडतं ते रात्री दोन-तीनला, म्हणून हे पाठ करा.

बाळ शांत असताना छाती-पोट उघडं करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका. ही बाळं भराभर श्वास घेतात, मधेच पाच-दहा सेकंद थांबतात, पुन्हा घेतात. तेवढं चालतं. साठ किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा. पुन्हा साठ आले तर निघायचं. बरगड्यांखालची जागा श्वासाबरोबर खोल आत जात असेल, कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तरी निघायचं.

श्वास वीस सेकंद थांबला, किंवा ओठ-जीभ निळी पडली, तर तळव्याला टिचकी मारा, पाठ चोळा. सुरू झाला तरी दवाखान्यात जायचंच.

आधी पीत होतं आणि आता दोन वेळा पाठोपाठ पीत नाही. हातपाय ढिले पडलेत, डिवचल्याशिवाय हलत नाही. झटके आले, किंवा एकटक बघत ओठ चाळवतंय. कपडा काढूनही काखेत ३७.५ च्या वर किंवा छातीशी धरूनही ३६ च्या खाली. पोट फुगलं, उलटी हिरवी. नाळेभोवती लाल होऊन पू. तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा. यातलं कुठलंही एक पुरे, दुसऱ्याची वाट बघायची नाही. लहान बाळाला जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत हाताबाहेर जातो, आणि भगताकडे जाऊन मग दवाखाना म्हटलं तर तेच तास संपतात.

१०८ ला फोन. पण आमच्याकडे रेंज सगळीकडे येत नाही. कुठल्या टेकाडावर येते ते दिवसा बघून ठेवा. गावात जीप कोणाकडे आहे, तो रात्री दार उघडतो का, हे बाळ घरी आल्याच्या पहिल्याच दिवशी बोलून ठेवा. थोडे पैसे, कार्ड, बॅटरी, बाळाची दोन टोपडी एका पिशवीत खुंटीला टांगा. जाताना बाळ छातीशी, आणि गिळत असेल तर वाटेत दूध.

डोळे

यासाठी मी जितकं ओरडते तितकं कशासाठीच नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पोटात शेवटच्या महिन्यांत पुऱ्या होतात. बाळ लवकर आलं की त्या अर्धवट राहतात आणि बाहेर वेड्यावाकड्या वाढू शकतात. ऑक्सिजन लागलेल्या बाळांना धोका जास्त. याला आरओपी म्हणतात. बाहेरून डोळा नितळ, सुंदर दिसतो. घरातल्या कोणालाच काही कळत नाही. कळतं तेव्हा पडदा सुटलेला असतो आणि बाळ आंधळं झालेलं असतं. वेळेत सापडलं तर लेझरने वाचतं.

जन्मवजन २००० ग्रॅमच्या खाली किंवा जन्म ३४ आठवड्यांच्या आत असेल तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत पहिली तपासणी झालीच पाहिजे. फारच लहान, २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या खालचं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. डिस्चार्जपासून मोजायचं नाही, जन्मापासून मोजायचं. आणि एकदा दाखवून भागत नाही. पहिल्या वेळी "ठीक आहे, पंधरा दिवसांनी या" म्हणतात आणि लोक "ठीक आहे" एवढंच घरी घेऊन येतात. पडदा पुरा वाढलाय असं डॉक्टर लिहून देईपर्यंत जायचं. लांब पडतं, मजुरी बुडते, मला माहीत आहे. शाळा-अंगणवाडीत येणारं आरबीएसकेचं, म्हणजे मुलं तपासणारं सरकारी पथक यासाठी मदत करतं, आशाताईला सांगा, पण तारीख चुकवू नका. कानाची तपासणी त्याच फेरीत उरकता आली तर बघा.

वय आणि गाव सोडणं

लसी जन्मतारखेप्रमाणे. बाळ बारीक आहे म्हणून दीड महिन्याची लस तीन महिन्यांवर ढकलायची नाही. वाढ मात्र ठरलेल्या तारखेप्रमाणे बघायची. १० मार्चला व्हायचं बाळ १३ जानेवारीला झालं तर ते आठ आठवडे लवकर आलं. १३ जुलैला ते सहा महिन्यांचं दिसतं, पण मान-हात-नजर यांचं त्याचं वय चार महिने. शेजारच्या सहा महिन्यांच्या पोराशी तुलना करून आईला बोलू नका. दोन वर्षांपर्यंत असाच हिशेब धरा. या हिशेबाने चार महिन्यांचं झालं तरी मान सावरत नसेल, नजर धरत नसेल, हातपाय ताठ वाटत असतील तर दाखवा.

दिवाळीनंतर आमच्याकडची बरीच घरं नारायणगावच्या बाजूला मळ्यांत कामाला जातात, काही उसाच्या फडावर. बाळही जातं. तिथे खोपट, वारा आणि पहाटेचं दव असतं. बाळ अडीच किलोच्या खाली असेल तर आई आणि आजी मागे राहतील का ते बघा. नसेल जमत तर छातीशी बांधायचं लुगडं, टोपडी, थेंबाच्या बाटल्या, थर्मामीटर आणि डिस्चार्जचं कार्ड आठवणीने न्या, आणि कार्डाचा फोटो दोन मोबाईलमध्ये ठेवा. जाण्याआधी मला सांगितलंत तर तिथल्या आरोग्यसेविकेला मी फोन करून ठेवते, मग वजन आणि लस चुकत नाही. डोळ्यांची तारीख राहिली असेल तर टोळी पुढे जाऊ द्या, तुम्ही तपासणी उरकून मागून जा.